मागणारा हात, बघणारे डोळे

ओंकारेश्वरला किंवा मांडूला जाऊन आलेल्या इंदूरकराने हे पाहिलेलं असतंच. हातात शेंगदाण्यांची पुडी, समोर काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर, आणि त्याने पुढे केलेला हात. सोबतची मुलं ओरडतात, "बघा, मागतंय!" एखादे काका मात्र ठामपणे सांगतात की मागत-बिगत काही नाही, हिसकावून न्यायला हात पुढे आलाय, पुडी सांभाळा.

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माकडांचे अभ्यासक गेली चाळीसेक वर्षं याच प्रश्नाशी झटत आहेत. पुढे आलेला हात वस्तूकडे चाललाय की आपल्याला काही सांगतोय, हे ओळखायचं कसं?

वस्तूकडे जाणाऱ्या हाताला तुमची गरज नसते. पुडी खुंटीला टांगलेली असती तरी तो तसाच गेला असता. मागणारा हात मधेच, हवेत थांबतो. उरलेलं काम तुम्ही करावं अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे त्या प्राण्याच्या लेखी तुम्ही खुंटी नसता. बघणारं, समजणारं, देणारं किंवा नाकारणारं कुणीतरी असता. हे मान्य केलं की प्रश्न हाताचा राहत नाही, त्या प्राण्याच्या मनाचा होतो. म्हणून तर अभ्यासक इतके जपून बोलतात.

हात सोडा, नजर बघा

हे ठरवायच्या कसोट्या मुळात माणसाच्या तान्ह्या मुलांसाठी तयार झाल्या. दहा-अकरा महिन्यांचं मूल काही सांगू पाहतंय की नुसतेच हात हलवतंय, हे ओळखण्यासाठी १९७०च्या दशकात बालमानसशास्त्रज्ञांनी त्या वापरल्या. पुढे माकडांच्या अभ्यासकांनी त्याच उचलल्या.

---
चौकट : खूण कधी म्हणायची?

खूण करण्याआधी समोरच्याचं लक्ष आहे का, हे प्राणी बघतो. खूण केल्यावर थांबतो आणि उत्तराची वाट पाहतो. नजर वस्तूवरून चेहऱ्याकडे आणि परत वस्तूकडे जाते. उत्तर आलं नाही तर तीच खूण पुन्हा होते किंवा दुसरी निघते. हवं ते घडलं की खूण थांबते. शिवाय, खूण स्वतःच्या जोरावर काम उरकत नाही. एखाद्याला ढकलून बाजूला सारणं ही खूण नव्हे. त्याच्या खांद्याला बोट लावून तो सरकेपर्यंत थांबणं ही खूण.

---

याच कसोट्या भारतातल्या माकडांना लावून झाल्या आहेत. कर्नाटकातल्या बंदीपूर राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या रस्त्यावर बॉनेट मकाक माकडं पर्यटकांकडून खाऊ उकळतात. डोक्यावर केसांची टोपी असलेली ही लाल तोंडाची माकडं, महाबळेश्वर आणि माथेरानला भेटतात तीच. अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी त्यांचं मागणं काळजीपूर्वक तपासलं. नुसतं निरीक्षण करून ते थांबले नाहीत, जंगलातच प्रयोगही केले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मागण्याचे चार भाग सुटे केले होते. 'कू' असा आवाज, पुढे पसरलेला हात, माणसाच्या दिशेने शरीर वळवणं आणि माणसावर नजर ठेवणं.

निकाल मजेशीर लागला. हात, शरीराचं वळणं आणि नजर हे तिन्ही कसोट्यांना उतरले. आवाज उतरला नाही. म्हणजे 'कू' बहुधा आतल्या अधीरतेतून निघतो आणि हात मात्र समजून-उमजून पुढे येतो.

बंदीपूरचा निकाल ओंकारेश्वरच्या वानराला जसाच्या तसा लावता येणार नाही. दोन्ही जाती वेगळ्या. पण पाठ फिरवल्यावर ते काय करतं, एवढं तरी आपण बघू शकतो. हात तसाच राहतो, की ते वळसा घालून समोर येतं? (पुडी मात्र पिशवीतच राहू द्या. रस्त्याकडेला खाऊ मिळायची सवय लागलेली माकडं गाड्यांखाली सापडतात, आणि खाऊ मिळाला नाही की चावतातही.)

बिनशेपटीची भावकी

इथवर माकडांची गोष्ट झाली. खुणांचा खरा खजिना आहे कपींकडे. कपी म्हणजे आपल्याला सर्वांत जवळची, शेपूट नसलेली मंडळी : चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि आकाराने लहान असे गिबन. भारताच्या रानात यातला फक्त गिबन आहे, तोही ईशान्येकडे. बाकीच्यांतले काही बघायचे तर म्हैसूरसारख्या प्राणिसंग्रहालयात जावं लागतं. तिथे चिंपांझीही आहेत आणि गोरिलाही.

कपींचे आवाज बरेचसे जन्मजात आणि भावनेला बांधलेले असतात. हातांचं तसं नाही. हात वेगवेगळ्या प्रसंगी, वेगवेगळ्या हेतूने वापरता येतो आणि आवरताही येतो. चिंपांझीच्या खुणा तीन तऱ्हेच्या असतात. काही फक्त दिसतात, जसा उचललेला हात. काहींचा आवाज होतो, जशी जमिनीवर मारलेली थाप. काही स्पर्शाच्या असतात.

यातली कोणती कधी वापरायची, हे ते समोरच्याकडे बघून ठरवतात. समोरचा बघत असेल तर दिसणारी खूण, पाठमोरा असेल तर स्पर्श. कपींवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की समोरचा पाठमोरा असेल तर ते उठून, फिरून त्याच्या तोंडासमोर येतात आणि मग हात पुढे करतात. समोरच्याला डोळे आहेत आणि ते आपल्याकडे वळलेले असल्याशिवाय उपयोग नाही, एवढी जाण त्या चार पावलांत आहे.

खुणा येतात कुठून?

इथे अभ्यासकांचे तट पडतात, आणि वाद अजून मिटलेला नाही.

मायकेल टोमासेलो आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून अमेरिकेतल्या अटलांटाजवळच्या यर्कीस केंद्रात चिंपांझींची पिल्लं पाहत होते. त्यांचं म्हणणं असं की खुणा दोघांच्या रोजच्या व्यवहारातून घडतात. हे समजायला इंदूरचा पोह्यांचा ठेला पुरेसा आहे. रोज एकाच ठेल्यावर पोहे खाणारा माणूस पहिल्या दिवशी म्हणतो, "भैया, जीरावन थोड़ा और." चार दिवसांनी तो न बोलता जीरावणाच्या डब्याकडे हात नेतो, आणि ठेलेवाला स्वतःच वरून भुरभुरतो. महिन्याभरात हात इंचभर उचलला की पुरतं. अख्ख्या कृतीचं नुसतं टोक उरलं, आणि दोघांनाही त्याचा अर्थ कळतो. शेजारच्या ठेल्यावर मात्र तोच इंचभर उचललेला हात कुणाला काही सांगत नाही.

चिंपांझीच्या पिल्लांत हेच होतं, असं टोमासेलो म्हणतात. दोन पिल्लं मस्ती करतात. एक दुसऱ्याला मारायला हात उचलतं, मग मारतं, आणि खेळ सुरू होतो. काही दिवसांनी हात उचललेला दिसला तरी दुसऱ्याला पुढचं कळतं आणि ते तयार होतं. मग पहिल्यालाही उमगतं की मारायची गरजच नाही, हात उचलला की झालं. दूध पिणाऱ्या पिल्लाचंही तसंच. आधी ते आईचा हात धरून बाजूला सारतं, नंतर त्याला नुसतं बोट लावतं आणि आई स्वतः हात उचलते. आपल्याकडचं वर्षाचं मूल 'घे' म्हणून दोन्ही हात वर करतं, त्याचीही उपपत्ती अशीच लावता येते. उचलताना हात वर व्हायचेच. आता ते आधी वर होतात.

मग पिल्लं एकमेकांची नक्कल करून खुणा शिकत नाहीत का? टोमासेलोंच्या गटाने एका चिंपांझीला अगदी नवी, कुणीच न करणारी खूण शिकवली. ती केली की त्याला खाऊ मिळे. मग त्याला कळपात सोडलं. बाकीच्यांनी बघितलं, पण खूण कुणी उचलली नाही.

हे सगळं पटण्यासारखं आहे. अडचण आली युगांडातून. बुडोंगोच्या जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी रानटी चिंपांझींच्या चार हजारांहून अधिक खुणा टिपल्या आणि २०११ साली ६६ प्रकारांची यादी मांडली. खुणा जोडीजोडीत घडत असत्या, तर प्रत्येकाच्या काही खास, फक्त त्याच्याच खुणा सापडायला हव्या होत्या. तशा सापडल्या नाहीत. जितकं जास्त पाहावं तितकी प्रत्येकाची यादी दुसऱ्याच्या यादीसारखी होत गेली. चिंपांझी आणि बोनोबो यांच्या वाटा वेगळ्या होऊन दहा लाखांहून जास्त वर्षं लोटली. तरी त्यांच्या खुणा सुमारे ९० टक्के सारख्या निघाल्या. म्हणून बर्न आणि होबेटर यांचं मत : खुणांचा साठा जातीबरोबर, जन्मासोबतच येतो.

त्यात आपल्यालाही ओढलं गेलं. जर्मनी आणि युगांडातल्या एक-दोन वर्षांच्या मुलांकडे याच नजरेने पाहिलं तेव्हा ५२ खुणा आढळल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ ९० टक्के चिंपांझींच्या यादीत आधीच होत्या. हात पुढे करणं, पाय आपटणं, वस्तू हलवणं. फरक एवढाच की मुलं बोट फार दाखवतात आणि 'टाटा' म्हणून हात हलवतात.

तिसरंही एक मत आहे. मार्लेन फ्रोलिश आणि सिमोने पिका यांनी युगांडा आणि आयव्हरी कोस्टमधल्या जंगलांत आई-पिल्लाच्या जोड्या पाहिल्या. निघायची वेळ झाली हे आई पिल्लाला कसं सांगते, एवढाच त्यांचा विषय. त्यांच्या मते खूण ना आयती मिळते, ना एका कृतीचं टोक म्हणून उरते. दोघांच्या घासाघिशीतून ती ठरत जाते.

माझं मत विचाराल तर साठा जन्माचा आणि वापर शिकलेला, असं मानलं की बरंच काही जुळतं. बुडोंगोतच दिसलेली एक गोष्ट याला बळ देते. लहान चिंपांझी काही हवं असेल तर खुणांचा नुसता सपाटा लावतात. एकामागून एक चार-पाच खुणा, थांबणं नाहीच. वय वाढतं तशी ही घाई सरते. मोठा चिंपांझी एकच खूण करतो, लागू पडणारी, आणि थांबून बघतो. हात दोघांचे तेच. वाट बघणं तेवढं नंतर आलेलं.

पण मग बंदीपूरच्या माकडांचं काय? माणसापुढे हात पसरून खाऊ मागणं हे त्यांच्यात नव्याने आलेलं वागणं आहे. पूर्वजांनी ते गाठोड्यात बांधून दिलेलं असणं कठीण, कारण पूर्वजांसमोर चिप्सची पाकिटं घेतलेले पर्यटक नव्हते. इथे टोमासेलोंची बाजू पुन्हा वर येते. खाऊकडे जाणारा हात आधी असणारच. माणसं त्याला 'मागणं' समजून देत गेली, आणि हात हवेत थांबायला शिकला, असं घडणं शक्य आहे.

अर्थ लागतो कसा?

चिंपांझीला 'तुला काय म्हणायचं होतं?' असं विचारता येत नाही. अभ्यासक मग साधी युक्ती करतात. खूण झाल्यावर समोरच्याने काय केलं की खूण थांबली, हे बघायचं. जे घडल्यावर पहिला समाधानाने गप्प झाला, तोच खुणेचा अर्थ. अशा शेकडो प्रसंगांची नोंद जमली की खुणेचा अर्थ पक्का होऊ लागतो. २०१४ साली होबेटर आणि बर्न यांनी या पद्धतीने १९ अर्थ नोंदवले : थांब, दूर हो, जवळ ये, ते दे, माझ्या पाठीवर चढ, मला साफ कर, आणि असेच. तत्त्वज्ञान त्यात नाही, घरकाम भरपूर आहे. आई पाय मागे काढून तळवा दाखवते आणि पिल्लू तिच्या अंगावर चढतं. अंग लांबलचक, खरखर आवाज करत खाजवलं की समोरचा अंगातले किडे-कचरा वेचायला येतो.

एका खुणेला एकच अर्थ असतो असं मात्र नाही. दातांनी पानाचे तुकडे करत टरटर आवाज काढणं, ही खूण टांझानियातल्या महाले इथे तोशिसादा निशिदा यांनी १९८० साली नोंदवली. तिथे ती प्रणयाराधनासाठी आहे. गिनीतल्या बोसू इथे तीच खेळाच्या भरात दिसते. आयव्हरी कोस्टमधल्या ताईच्या जंगलात नर ती झाडाच्या मुळांवर ढोल बडवण्याआधी करतात. कृती तीच, गाव बदललं की उपयोग बदलतो. नुसत्या जन्मजात साठ्याने याचं उत्तर मिळत नाही.

या खुणा आपल्याला कळतात का? कर्स्टी ग्रॅहम आणि होबेटर यांनी साडेपाच हजारांहून अधिक लोकांना चिंपांझी-बोनोबोंच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि चार पर्यायांतून अर्थ निवडायला सांगितलं. अंदाजपंचे उत्तर दिलं असतं तर चारातलं एक बरोबर आलं असतं. लोकांची निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली. हा अभ्यास २०२३ सालचा. पुढच्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतल्या पाच कळपांच्या अभ्यासातून दिसलं की दोन चिंपांझी एकमेकांना खुणेला खूण देतात तेव्हा मधलं अंतर साधारण १२० मिलिसेकंदांचं असतं, सेकंदाच्या सुमारे आठव्या भागाइतकं. माणसांच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. पोहे खाताना बोलणारी माणसं याला अपवाद असतील.

अर्धं केळं

या विषयातला माझा सर्वांत आवडता प्रयोग ओरांगउटानवरचा आहे. एरिका कार्टमिल आणि बर्न यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. प्राणिसंग्रहालयातल्या ओरांगउटानसमोर दोन पदार्थ ठेवले, एक अगदी आवडता आणि एक बेचव. ते खुणा करून आवडता पदार्थ मागत. समोरची व्यक्ती कधी त्यांना तो पूर्ण देई, कधी त्यातला अर्धाच, आणि कधी चक्क बेचव पदार्थ हातात ठेवी.

पूर्ण मिळालं की मागणं थांबे. खरी गंमत उरलेल्या दोन प्रसंगांत होती. अर्धं मिळालं तेव्हा ओरांगउटानने आधीच्याच खुणा पुन्हा, अधिक नेटाने केल्या. बेचव पदार्थ मिळाला तेव्हा मात्र त्या खुणा सोडल्या आणि नव्याने दुसऱ्या काढल्या. म्हणजे 'तुला थोडं कळलंय, आणखी समजून घे' आणि 'तुला काहीच कळलेलं नाही, वेगळं सांगून बघतो', हे दोन प्रसंग तो वेगळे धरत होता. तो नुसता चिडला असता तर दोन्ही वेळा सारखाच वागला असता.

हात शिकले, वाक्य आलं नाही

मग माणसाने त्यांना बोलायला शिकवून का पाहिलं नाही? पाहिलं. १९४०-५०च्या दशकांत कीथ आणि कॅथरीन हेज या दांपत्याने विकी नावाची चिंपांझी घरात मुलासारखी वाढवली. प्रचंड खटपटीनंतर ती चार शब्द कसेबसे उच्चारू शकली. १९६६ साली ॲलन आणि बिअ‍ॅट्रिक्स गार्डनर यांनी नेवाडात तोंडाचा नाद सोडला आणि वॉशू नावाच्या चिंपांझीला बहिऱ्यांच्या अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकवल्या. तिने सव्वाशेच्या वर आत्मसात केल्या. पण १९७९ साली हर्बर्ट टेरेस यांनी निम या आपल्या चिंपांझीच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. त्यांना शिक्षकाच्या खुणांची पुनरावृत्ती खूप दिसली, वाक्यरचना दिसली नाही. सांकेतिक भाषेला स्वतःचं पूर्ण व्याकरण असतं. सुटे शब्द जमले म्हणून ती येत नाही. या सगळ्या प्रयोगांचा एक दोष मला जास्त खटकतो. कपींना आपल्या खुणा शिकवण्यात दशकं गेली, आणि त्यांच्या स्वतःच्या खुणा रानात जाऊन मोजायचं काम मागे पडलं.

आपली म्हणून राहिलेली एक खूण म्हणजे बोट दाखवणं. 'ते बघ' एवढंच सांगायला, काही न मागता केलेली. पिंजऱ्यातले चिंपांझी माणसाला खाऊ दाखवायला हात करतात, पण ते मागण्यासाठी. रानात मात्र असं क्वचितच दिसतं. त्याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट युगांडातल्या न्गोगो इथे पिका आणि जॉन मितानी यांनी २००६ साली मांडली. एक नर दुसऱ्याला साफ करत असतो, आणि दुसरा मधेच स्वतःच्या अंगावर एका जागी मोठ्याने खाजवतो. पहिला निम्म्याहून जास्त वेळा हातातली जागा सोडून नेमका तिथे येतो. दहा वर्षांनी बंदीपूरच्या बॉनेट माकडांतही असंच 'इथे नको, तिथे' सांगणं गुप्ता आणि सिन्हा यांना आढळलं. शेपूटवाल्यांचा हा दुसरा धक्का.

याहून थेट बोट दाखवल्याची नोंद जवळजवळ नाहीच. जी एक प्रसिद्ध आहे ती काँगोच्या लिलुंगू इथली, १९९८ साली छापली गेलेली. दोन गटांत विभागलेले अभ्यासक झुडपांत लपून बोनोबोंचा कळप पाहत होते. एक तरुण नर झाडावर आला, ओरडला, आणि त्याने उजवा हात लांब करून झुडपांतल्या त्या माणसांकडे रोखला. मग मान वळवून आपल्या साथीदारांकडे पाहिलं. त्याने हे पुन्हा केलं. साथीदार जवळ आले आणि सगळे मिळून अभ्यासकांकडे बघू लागले.